वावटळीतली कोंबडी

लालासाहेबांनी स्टूल दारात ओढलं, वर चढले आणि नातवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गणेशपट्टीवर ठोकायला लागले. फ्लेक्सवर राजवर्धन गॉगल लावून हसत होता आणि त्याच्या डोक्यावर ‘भावी सरपंच’ असं लिहिलं होतं. पोरगं दुसरीत होतं.

“आवं, वाढदिवस हून दोन महिनं झालं,” त्यांची बायको अंजना आतून म्हणाली.

“मग काय झालं? पोरगं अजून हाय न्हवं?”

“आन् मी कुकू कुठं लावू? त्याच्या गॉगलला?”

लालासाहेबांच्या तोंडात खिळे होते, ते उत्तर टाळायला उपयोगी पडले. अंजना रोज अंघोळ झाली की त्या पट्टीला कुंकवाची दोन बोटं लावायची. एक मधल्या गणपतीला आणि एक पट्टीच्या खालच्या, आतल्या कडेला, जिथं कुणाला दिसायचंही नाही. लग्न होऊन आल्यापासून लावायची. ही तिच्या माहेरची, कवठे महांकाळकडची काहीतरी रीत असणार असं धरून लालासाहेबांनी कधी विचारलं नव्हतं. बायकांच्या रीतीत नाक खुपसू नये, हे काही ते पलटणीत हवालदार असताना शिकले नव्हते. घरातच शिकले होते.

फ्लेक्स ठोकायचं कारण तोवर ओढा ओलांडून वर येत होतं. इलियास मिस्त्री, फलटणचा सुतार, पडलेलं लाकडी देऊळ पुन्हा उभं करायच्या कामासाठी गेल्या पावसाळ्यापासून गावातच मुक्कामाला होता. अंजनानं त्याला परस्पर निरोप धाडला होता, की नातीचं, प्रियदर्शनीचं, लग्न तोंडावर आलंय, दाराचा उंबरा हलतोय, तेवढा बघून जा. लालासाहेबांना हे सकाळी चहा घेताना कळलं आणि चहा तसाच कपात राहिला.

आता हे लाकडी देऊळ काय, ते सांगायला हवं. खडकटेक हे गाव वडूजपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे हाक मारणाऱ्याचा गळा तेवढा दांडगा असेल तर. इथं झाडापेक्षा दगड जास्त. तरी गोऱ्या पाद्र्यानं मागं कधीकाळी इथं चर्च बांधलं ते सगळं लाकडाचं. का, तर म्हणे त्याच्या मुलखात दगडच नव्हता आणि दगडाखाली झोपायला तो भ्यायचा. सागवान कोयनेकडून बैलगाड्यांनी आलं. फलटणच्या मुसलमान सुतारांनी खाचेत खाच घालून, वर लाकडाच्या खुंट्या मारून ते उभं केलं. लोखंडाचा खिळा म्हणून लावला नाही. हे सुतार इलियासचे पूर्वज. गाव त्याला लाकडी देऊळच म्हणत आलं. दुष्काळाच्या पुढच्या वैशाखात मोठं वारं सुटलं आणि त्याचं छप्पर खाली बसलं.

इथवर सगळं खरं. पुढचं लालासाहेबांचं.

पप्पूच्या हॉटेलात बाहेरगावचं माणूस येऊन बसलं की पप्पू शेगडी बारीक करायचा आणि म्हणायचा, “हवालदार, सोडा वावटळ.” आणि लालासाहेब सोडायचे. मायणीच्या अंगानं वावटळ आली ती ताडाएवढी. तिनं देऊळ बुडासकट उपटलं. देऊळ वर गेलं, घंटा वाजत, आणि आत एक कोंबडी पिल्लं पंखाखाली घेऊन बसलेली, ती काही उठली नाही. विट्यावरनं गेलं तेव्हा बाजार भरलेला. लोकांनी टोप्या काढल्या. कवठे महांकाळवरनं गेलं तेव्हा एवढी सावली पडली की मेंढरं रात्र झाली म्हणून बसली. शेवटी कानडी मुलखात कुठंतरी टेकलं. ती घंटा अजून वाजते, पण कानडीत.

बनुबाई तिथं असली तर गोष्ट संपल्यावर एकच विचारायची. देवळाची घंटा वाजवणाऱ्या माणसाची ही लेक, गावात उरलेल्या ख्रिस्ती माणसांत सगळ्यांत म्हातारी. पदरानं चष्मा पुसत म्हणायची, “आन् कोंबडीचं काय झालं?”

लालासाहेबांकडे दर वेळी नवं उत्तर असायचं. कोंबडी कानडी शिकली. कोंबडी तिकडच्या राजानं ठेवून घेतली. कोंबडी निघालीया परत, पर चालत येतीया. लोक हसायचे. बनुबाईही हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायची.

खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. छप्पर बसलं तेव्हा ख्रिस्ती घरं पोटापाण्याला मिरजेकडे गेलेली होती. ती परत यायच्या आत गावानं गाड्या जुंपल्या. कुणाच्या गोठ्याला तुळई झाली, कुणाचा पाळणा झाला, पप्पूच्या बापानं हॉटेलात बाकडी टाकली. ‘चोरी’ हा शब्द कुणी काढला नाही. ‘वाऱ्यानं नेलं’ म्हणायचे. लालासाहेबांच्या वडिलांनी देवळाच्या दारावरची पट्टी आणली. लालासाहेबांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पट्टीचं मागचं टोक त्यांच्या खांद्यावर होतं. वडिलांनी ती आपल्या दारावर चढवली, बाहेरच्या कोऱ्या बाजूवर एका सुताराकडून गणपती कोरून घेतला आणि कोरीव बाजू भिंतीत गाडून टाकली. खालच्या कडेला मात्र जुनेच घोस लोंबत राहिले. गावाला तेव्हा द्राक्षं ठाऊक नव्हती. गावानं ती सीताफळं धरली. आता तासगावची द्राक्षं टेम्पो भरभरून पप्पूच्या हॉटेलावरून जातात, त्यामुळं त्यांना सीताफळं म्हणणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

इलियासनं उंबरा पायानं हलवून बघितला, वाकून बघितला आणि ओट्यावर टेकून चहा बशीत ओतला.

“खालचं लाकूड कुजलंय, आबा. बदलून देतो. वरची पट्टीबी बघून घेऊ का?”

“वर काय न्हाई. वर पोरगं हाय.”

इलियासनं वर राजवर्धनकडे बघितलं. वाऱ्यानं फ्लेक्सचा खालचा कोपरा उचलला आणि परत ठेवला. इलियासनं नजर बशीत घातली.

“देवळाचं कुठवर आलं?” लालासाहेबांनी विचारलं.

“झालंच म्हणायचं. दार अडलंय.” इलियासनं मिशीवरचा चहा पुसला. “जुन्यातली दोन कवाडं आन् एक बाक तेवढं बनुआजींच्या वडलांनी मिरजेहून आल्यावर घरात ओढून आणलं हुतं, तेवढंच वाचलं. कवाडांच्या आतल्या अंगानं वेल चढलाय, दोन्हीकडनं. वरच्या कडेला जातोय आन् तुटतोय. मधे पट्टीवर कुठंतरी मिळत असणार. कशाला मिळतोय ते कळंना. आजींना म्हटलं, सांगा, तसं कोरतो. तर म्हणाल्या, नवं नको मला. लालासाहेबांना विचार, त्यांना ठावं हाय.”

“मला?” लालासाहेबांचा आवाज वर गेला. “मी कवा आत गेलतो? आमच्यातलं कोन त्या देवळाच्या आत गेलं न्हाई.”

“मीबी तेच म्हटलं. आतल्या अंगाचं आबांना काय म्हाईत.”

“वाऱ्यानं नेलं रं सगळं.”

“व्हय. हुशार वारा. आमच्या लोकांनी मारलेल्या खुंट्या एकेक करून काढल्या त्यानं. एक खाच फाटू दिली न्हाई.” इलियास हसला नाही. “पप्पूच्या बाकड्यावर बसलं की त्या खाचा मांडीला लागत्यात.”

बशी धुऊन, पालथी घालून तो गेला. लालासाहेब बराच वेळ त्या पालथ्या बशीकडे बघत बसले.

उन्हं कलल्यावर ते ओढ्याकडे निघाले. देवळाचं नवं सागवान लांबूनच पिवळं दिसत होतं. दाराची दोन कवाडं तेवढी काळी, आणि त्यांच्यावर पट्टी नसल्यामुळं नुसतं आभाळ. कवाडांसमोर बाकावर बनुबाई छत्री घेऊन बसली होती. लालासाहेब वळणार तेवढ्यात तिनं बघितलं.

“या की. लपताय कुणापासनं?”

“लपतोय कशाला? बैल बघाय आलतो.”

“बैल तुमी गेल्या वर्साच्या मागल्या वर्सी इकला, लालासाहेब.”

“त्योच बघाय आलतो. कुठं गेलाय ते.”

ती हसली. तिच्या हसण्यात आता खोकला मिसळलेला असायचा. भाचा पावसाच्या आधी तिला मिरजेला नेणार होता, दवाखान्याजवळ. गावात सगळ्यांना ते माहीत होतं.

“एकदा आतनं दार लावून बसायचं हुतं,” ती म्हणाली. “बाप आतनं दार लावायचा, मग घंटा वाजवायचा. दार लावल्याबिगर घंटा न्हाई, अशी रीत. आता दार कवा हुईल ते देवाला ठावं.” मग छत्री जराशी कलती करून म्हणाली, “नातीच्या लग्नाला बोलवा मला. मी येईन चालत. आमचं दार न्हाई तर न्हाई. तुमच्या दारातनं आत येईन.”

लालासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. त्या रात्री जेवताना अंजनानं दोनदा भाकरी विचारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

गुरुवारी घरचं सगळं माणूस फलटणला बस्ता बांधायला गेलं. साड्या बघायला पुरुषाचं काय काम, शिवाय गुडघा दुखतोय, असं सांगून लालासाहेब मागं राहिले. जीप वळणाआड गेली तसा गुडघा बरा झाला. ते स्वतः जाऊन इलियासला घेऊन आले.

“उंबरा काढायचाय न्हवं?” इलियासनं पिशवी टेकवत विचारलं.

“पट्टी.”

इलियासनं स्टुलावर चढून एकेक खिळा उपसला, फ्लेक्सची घडी घातली आणि राजवर्धनला ओट्यावर ठेवलं. मग त्याचा हात थांबला. गणपतीच्या सोंडेवरून त्यानं अंगठा फिरवला, वळणापर्यंत नेला, परत मागं आणला.

“आमच्या आजोबांचा हात,” तो म्हणाला. “सोंडेला असा वळसा दुसरं कोण देत न्हाई.” त्यानं सोंडेवरची धूळ फुंकली. “मरंपातुर सांगायचं, आपल्या वाडवडलांनी देऊळ उभं केलं. हे न्हाई सांगितलं.”

त्यानं अंगठा पँटीला पुसला. त्यानंतर त्या दिवसात वाऱ्याबद्दल तो एक शब्द तिरका बोलला नाही.

दोघांनी मिळून पट्टी खाली घेतली आणि ओट्यावर पालथी ठेवली. मागच्या बाजूवर चुना बसला होता, गांधीलमाशांनी मातीची घरं केली होती. इलियासनं खराट्याची काडी घेऊन हळूहळू साफ करायला घेतलं. दोन्हीकडून वेल सुटा व्हायला लागला. पानं, मग घोस. मध्ये आल्यावर त्यानं फुंकर मारली.

मध्ये कोंबडी होती. पंख पसरून बसलेली, आणि पंखांखालून पिल्लांची डोकी बाहेर डोकावत होती. खालच्या कडेवर कुंकवाचा जाड थर चढला होता. तो फटीतून आत उतरून कोंबडीच्या पायांपर्यंत पोहोचला होता आणि पाय लाल झाले होते.

लालासाहेब ओट्यावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा बूड टेकलं म्हणावं. ओढ्यापासून घरापर्यंत लाकूड त्यांच्या गालाशी होतं आणि ती कोंबडी डोळ्यांपुढं, हातभर अंतरावर. लाकडाचा तो गार खडबडीतपणा आता गालाला आठवला. डोक्यानं मात्र ती कधीच टाकून दिली होती, आणि तोंडानं कधी गोष्टीत घेतली ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. देवळाच्या आत कधी न गेलेल्या माणसाच्या गोष्टीत ही कोंबडी कुठून आली, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. एकीनंच विचारलं होतं. दर वेळी विचारलं होतं.

आणि ते सांगत आले होते, की कोंबडी कानडी शिकली.

“आबा, पाणी देऊ?”

“नको.” त्यांनी कोंबडीवरची उरलेली माती हातानं झाडली. “ओढ्यात सापडली म्हनू. वावटळीनं आणून टाकली.”

इलियास हत्यारं पिशवीत भरत होता. “म्हणा,” तो म्हणाला.

पट्टी फ्लेक्समध्ये गुंडाळून हातगाड्यावर घातली. पप्पूच्या हॉटेलापुढून जाताना गाड्यावर राजवर्धन गॉगल लावून आडवा हसत होता.

“हवालदार, भावी सरपंचाला कुठं घिऊन निघाला?” पप्पूनं आतून विचारलं. उत्तर आलं नाही. लालासाहेबांकडून उत्तर न येणं ही एवढी नवलाची गोष्ट होती की पप्पू शेगडी बंद करून मागोमाग आला, आणि त्याच्या मागं हॉटेलात होती तेवढी माणसं आली.

बनुबाई बाकावरच होती. लालासाहेबांनी गाडा थांबवला, घसा साफ केला.

“बनुआक्का, काल लय मोठी वावटळ आली,” त्यांनी सुरुवात केली. “कानडी मुलखाकडनं. मी ओढ्याला हुतो...”

काल पान हललं नव्हतं. बनुबाई छत्री मिटून, दांडा दोन्ही हातांत धरून ऐकत होती. वावटळ कवठे महांकाळवरून आली, विट्यावरून आली. मेंढरं बसली की नाही ते लालासाहेब सांगायचं विसरले. एरवी गोष्टीतल्या देवळाला कानडी मुलखात पोहोचायला अर्धा तास लागायचा. आज वावटळ दोन वाक्यांत ओढ्यात पोहोचली.

“आन् ही टाकली,” ते म्हणाले.

इलियासनं फ्लेक्स सोडला. वर गणपती, हळदीकुंकवानं माखलेला. डोक्यावर गेल्या दसऱ्याच्या तोरणाचा दोरा अजून अडकलेला.

“टोक तर करवतीनं कापल्यागत...” पप्पू म्हणायला लागला आणि मग त्याला आपल्या हॉटेलातली बाकडी आठवली असावी. मागं उभा असलेला प्रत्येक जण कुठंतरी दुसरीकडे बघत होता. सगळ्यांच्याच घरात काही ना काही होतं.

लालासाहेब वाट बघत होते. आता ती चष्मा पुसेल, आता विचारेल. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तरी तिनं विचारावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

तिनं विचारलं नाही.

इलियासनं पट्टी उलटी केली. बनुबाई उठली, गाड्याला धरून उभी राहिली आणि तिनं कोंबडीच्या पाठीवर हात ठेवला. मग एका बोटानं पंखाखालचं एकेक डोकं चाचपलं, शेवटपर्यंत.

“सगळी हायती,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

“आजी,” इलियासनं खाली बघतच विचारलं, “बसवली की बाहेरच्या अंगाला गणपती येतोय. तासून काढू का?”

“नको. त्यांनी कोंबडीवर पटाशी चालवली न्हाई, आपुन कशाला चालवायची? वरनं फळी मार.” मग तिनं लालासाहेबांकडे बघितलं, त्यांच्या टोपीकडे, त्यांच्या धुळीनं भरलेल्या हातांकडे. “आन् आमचं ऱ्हाऊ दे दोन दिस. आधी ह्यांच्या दाराचं बघ. आपल्यातलं चांगलं सागवान घे. लग्नघर हाय, दार उघडं ठेवू नये.”

“नको, बनुआक्का,” लालासाहेब म्हणाले.

“गणपती नीट काढ रं,” ती इलियासला म्हणाली. “आजोबानं काढलाय तसाच.”

दिवस मावळताना जीप आली. बस्त्याची गाठोडी पोरांनी मागच्या दारानं आत नेली. अंजना तेवढी पुढून आली आणि ओट्याच्या पायरीवर थांबली. लालासाहेब स्टुलावर उभे होते. दारावर जिथं पट्टी होती तिथं भिंतीला आडवं खिंडार पडलं होतं, आणि फ्लेक्स हातात घेऊन ते खिळा ठोकायला जागा शोधत होते. ठोकायला लाकूडच राहिलं नव्हतं.

त्यांच्या जिभेच्या टोकाशी वावटळ आली. मायणीच्या अंगानं, ताडाएवढी. ती त्यांनी गिळली.

अंजनानं खिंडाराकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“दिली व्हय कोंबडी?” तिनं विचारलं.

फ्लेक्सची खालची बाजू लालासाहेबांच्या हातातून सुटली.

“तुला कुनी सांगितलं?”

“मी नवी आले तवाच बनुआक्का खण घिऊन आलती. म्हनाली, तुज्या दारात आमची कोंबडी बसलीया पिल्लांवर. उठवू नको, सांभाळ.” अंजनानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. “त्यांच्यात कुकू न्हाई. मी आपली माज्या रीतीनं सांभाळली.”

“मग मला कवा बोलली न्हाईस?”

“ती नको म्हनाली. म्हनाली, त्यांचं त्यांनाच सांगू दे. मी इचारत जाईन.”

आत पोरी साड्या उलगडून हसत होत्या. अंजना दारात उभीच होती, आत जायची वाट बघत. लालासाहेब तसेच वर उभे राहिले. स्टुलावरून उतरायचं तर तिच्यासमोरच उतरावं लागणार होतं.